चव घेतली, ठीक

आमच्या शाळेतून जीभ दाखवल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नसे. हेडमास्तर ढवळे गुरुजी दारात उभे राहायचे आणि घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघावेत तसे एकेका पोराच्या तोंडात डोकवायचे.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. श्रीगोंद्याकडची दोन शिक्षकी शाळा. ते हेडमास्तर आणि मी बाई. गाव खडी फोडायला जायचं, पोरंही मागोमाग निघाली होती. मग सरकारनं शाळेत सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड भुगा, द्यायला सुरुवात केली आणि ओस पडलेले वर्ग भरले. पण ती पटावरच्या पोरांनीच खायची, तीही शाळेत. पोरं ती गालात धरून धाकट्यांसाठी घरी न्यायची, म्हणून ही झडती.

"नियम म्हंजी नियम, बाई," गुरुजी मला ऐकवायचे. वाटपाआधी हेडमास्तरांनी चव घ्यावी, असाही नियम होता. तो तर ते फारच मनापासून पाळायचे. चांगली वाटीभर चव घेऊन मिशा पुसायचे आणि वहीत लिहायचे, 'चव घेतली, ठीक.' खादाड मेला, असं मी मनात म्हणायची.

एक दिवस तिसरीतली हौसा सापडली. गुरुजींनी तिला गालातलं सगळं तिथंच गिळायला लावलं. पोरीनं रडत रडत गिळलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

चौथ्या दिवशी गुरुजी मला घेऊन तिच्या घरी गेले. हौसाच्या कडेवर दोन वर्षांची बहीण होती. आई म्हणाली, "हौसी तोंडातून बारकीला घास आनायची, म्हून धाडत हुते. बारकीला मी खडीवर न्यायची. आता न्हाई धाडायची, घरी बसून बारकीला सांभाळंल."

गुरुजी वाकून बारकीकडे बघू लागले. मग म्हणाले, "बारकीलाबी संगं धाडा. तिला वर्गात बसू देऊ नये, असा नियम माझ्या वाचनात न्हाई."

"आन तिचं खानं?"

"ते मी बघतो."

मला वाटलं, आता पटावर खोटं नाव चढणार. तसं काही झालं नाही. हौसा रोज येऊ लागली. बारकी तिच्या मांडीवर बसून पाढे ऐकायची, मुतायची, आणि पुसायचं माझ्या नशिबी यायचं. सुकडीच्या वेळी गुरुजी तिला ऑफिसात न्यायचे. शाळा सुटताना तिचीही जीभ बघायचे. तिला तो खेळच वाटायचा.

महिन्याभरानं मी एकदा न विचारता ऑफिसात शिरले. बारकी टेबलावर बसून गुरुजींच्या वाटीतली सुकडी खात होती. शेजारी वही उघडी होती, शाई ओलीच. 'चव घेतली, ठीक.' गुरुजींचा सदरा केवढा सैल झालाय, हे मला तेव्हा दिसलं. माझी मलाच लाज वाटली.

"गुरुजी," मी म्हणाले, "आज तुमची जीभ दाखवा."

त्यांनी वही मिटली. "वर्गावर जा, बाई."

बारकीनं मात्र लगेच जीभ काढून दाखवली.