परमुलखातली सेवा

भोर संस्थानाच्या हद्दीचा दगड ओलांडला की आमचे शेजारी गेनूतात्या बंडीवर बिल्ला लावायचे आणि परतताना त्याच दगडापाशी काढून कनवटीला ठेवायचे. बिल्ला पितळेचा, वर ‘स्वयंसेवक’ अशी अक्षरं. पुण्याच्या कुठल्याशा सभेत पाणी वाटायला गेले असताना तो मिळाला होता. सभा कशाची होती ते तात्यांना कधीच सांगता आलं नाही, पण बिल्ला कसा लावायचा हे त्यांचं आमच्या सगळ्या हिर्डोशी गावाला दाखवून झालं होतं.

बिल्ला हद्दीपलीकडेच का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. “हितं क्येलं तर ते काम. परमुलखात क्येलं तर सेवा.”

परमुलूख म्हणजे वरंधा घाटाखालचा इंग्रजी मुलूख. तिथल्या लोकांची तात्यांना मनापासून कीव यायची. आपला राजा भोरात, गाऱ्हाणं घेऊन गेलं तर निदान राजवाड्याचं दार तरी दिसतं. त्यांचा बिचाऱ्यांचा राजा समुद्रापलीकडे, मग त्यांच्याकडे बघायचं कोणी? ते बघणं तात्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. खाली जाऊन ते कुणाचं पडलेलं छप्पर उभं करीत, वाटेवर आलेली दरड उपसून येत. इकडे त्यांच्या स्वतःच्या गोठ्याची भिंत गेल्या पावसाळ्यापासून आडवी. त्यांच्या पत्नी गजराकाकू तिच्यावरून त्यांना रोज फैलावर घ्यायच्या आणि तात्या तंबाखू मळत म्हणायचे की भिंत आपल्या हद्दीत आहे, तिला सेवा लागू नाही. मला त्यांचं हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

एका उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं की खालच्या गावात विहीर खणायची. त्या गावात त्यांची एकुलती एक लेक चंद्रा दिली होती. ओढा आटला की तिथल्या बायका अर्धा डोंगर उतरून पाणी आणायच्या, त्यांत चंद्राही. लोक म्हणाले, लेकीसाठी चाललंय. तात्या चिडले. सेवेत नातं बघायचं नसतं, म्हणाले.

आणि नात्याचा तरी काय उपयोग होता? लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. चंद्राच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. तात्या घाट उतरून जायचे, अंगणात उभ्या उभ्या लेकीला बघायचे आणि कोरड्या घशानं घाट चढायचे. काकू तर जायच्याच नाहीत. उपाशी आई दारातून परत गेलेली पोरीला बघवायची नाही, म्हणायच्या.

तात्यांनी मला आणि गावातल्या आणखी दोघांना गाठलं. पहार, कुदळी, घमेली घेऊन आम्ही खाली उतरलो. मजुरी किती, असं तिथल्या पाटलांनी विचारलं. फुकट, असं ऐकल्यावर ते घाबरले. संस्थानाला आपलं गाव गिळायचंय अशी कुजबूज झाली. तात्यांनी बिल्ला दाखवला. त्यानं संशय जास्तच वाढला.

तरी आम्ही देवळासमोर खणायला लागलो. पाटलांच्या ओसरीवर आमचा मुक्काम, त्यांच्याकडचं पाणी आम्ही प्यायचो. तात्या मात्र लेकीच्या गावच्या कुठल्याच घरचं पाणी न घेता घाटातल्या झऱ्यावरून भोपळ्याचा तुंबा भरून आणायचे. माती संपली, मुरूम संपला आणि खाली काळा कातळ लागला. पाटील म्हणाले, झालं एवढं पुष्कळ, आता घरी जा. आमचेही हात सोलवटले होते. आम्ही तिघांनी हत्यारं खाली ठेवली.

तात्या एकटेच खड्ड्यात उतरले. चंद्रा डोईवर हंडा घेऊन त्याच वेळी डोंगर चढून आली आणि काठावर थांबली. वर न बघता तात्या पहार मारत राहिले. मग पाटलांचा थोरला मुलगा खाली उतरला. त्याच्यामागून आणखी दोघे. मग आम्हीही लाजून उतरलो. दुसऱ्या दिवसापासून गावातला एकही गडी घरी बसला नाही.

आणि एका दुपारी कातळाच्या फटीतून पाणी आलं. आधी गढूळ, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. हलगी वाजली, नारळ फुटले, पाटलांनी तात्यांना खांद्यावर घेतलं. बिल्ला चिखलानं माखला होता, तरी चकाकत होता.

खाली उतरल्या उतरल्या तात्यांनी पाटलांना विचारलं, “ह्ये पानी कुनाचं म्हनायचं?”

“गावाचं. आनि कुनाचं?”

“कुना एका घरचं न्हाई ना?”

“न्हाई, तात्या.”

तात्यांनी चंद्राकडे बघून ओंजळ पुढे केली. तिनं पोहरा ओढला आणि पाणी ओतलं. तात्या प्याले, पुन्हा प्याले, प्यायचे थांबेचनात. मग पिशवीतून नाचणीच्या पिठाची पुरचुंडी आणि मिठाचा खडा काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला. सगळं घरून आणलेलं. कमी होतं ते फक्त पाणी. माझ्या डोळ्यांसमोर सगळा खटाटोप उलगडला आणि मला भरून आलं.

परतताना हद्दीच्या दगडापाशी तात्या बिल्ला काढायला विसरले. घरी येऊन त्यांनी फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी काकूंपुढे ठेवली. पीठ आपलं, पाणी गावाचं, हात पोरीचा, म्हणाले.

काकूंनी ती बराच वेळ उलटून पालटून पाहिली.

“अजूनबी कड करपवतीच,” त्या म्हणाल्या आणि करपलेल्या कडेपासूनच खायला लागल्या. त्या संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीचा विषय निघाला नाही.