जाळीच्या टोपातला माणूस

मधमाश्या आणि कोंबड्या पाळायला अक्कल नाही, शिस्त लागते, असं मी निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात घरात जाहीर करून टाकलं. मागच्या अंगणात एक मधपेटी आणि पाच कोंबड्यांचं खुराडं. माश्या मला चावत नाहीत आणि कोंबड्या माझं ऐकतात, अशी माझी ख्याती होती. म्हणजे ती मीच पसरवली होती. कोंबड्यांतली लंगडी तर मी उभा राहिलो की येऊन थेट माझ्या पावलावर बसायची. दुसऱ्या कुणाच्या नाही.

मग माझ्या एका माशीने शेजारच्या गाण्याच्या बाईंना ऐन तानेत कपाळावर डंख मारला. दुसऱ्याच दिवशी बायको फोनवर बोलताना ऐकू आली. "गुरुवारी दहाला या. हे दाताच्या डॉक्टरांकडे असतील. पेटी उचलून न्या."

बोलण्यात मी कच्चाच. बेत मात्र पक्का केला. डॉक्टरांकडे म्हणून निघायचं, मागच्या फाटकाने परत यायचं, नवाकोरा जाळीचा पोशाख चढवायचा आणि येईल त्या माणसाला परस्पर वाटेला लावायचं.

दहाला मी पोशाखात तयार. माणूस आलाच नाही. बायको आली.

"आलात का भाऊ?"

नवा पोशाख तिने पाहिला नव्हता. मी जाड आवाजात "हूं" केलं. तेवढ्यात लक्षात आलं की टोपाच्या आत एक माशी आहे. लंगडीही येऊन पायावर बसली होती, पण तिला हाकलायची सोय नव्हती.

"न्यायच्या आधी एक सांगते." ती चार पावलांवर बादली पालथी घालून बसली. "नोकरी संपली नि हे तीन महिने नुसते भिंतीकडे बघत होते. पेटी आली तेव्हा बोलायला लागले. माश्यांशी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकते ना. मुलगी लांब गेली ते यांच्या किती जिव्हारी लागलंय, ते मला माश्यांमुळे कळलं. मला म्हणाले होते, गेली ते बरं झालं."

माशी नाकावरून ओठावर उतरली. मी हललो नाही. हलायची लाज वाटत होती.

"मला जवळ येऊ देत नाहीत, चावेल म्हणून. मी काय माश्यांपेक्षा वाईट ऐकते का हो, भाऊ?"

इथे माशीने डंख मारला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सगळंच काही माशीमुळे नव्हतं, हे आज कबूल करतो.

"राहू द्या पेटी. गाण्याच्या बाईंची समजूत मी काढते," असं म्हणून ती आत गेली.

जेवायच्या वेळी माझा वरचा ओठ नाकाला भिडला होता.

"दाढ काढली वाटतं," ती म्हणाली.

"हूं."

"ओठातून?"

वाढता वाढता तिने सांगितलं, की पेटी न्यायला आलेल्या माणसाला तिने नऊलाच फाटकातून परत पाठवलं होतं. "आणि लंगडी परक्याच्या पायावर बसत नाही."

मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "आता बोला. मुलीबद्दल."

मला खरंच बोलायचं होतं. संसाराच्या चौतीस वर्षांत पहिल्यांदाच एवढं साठून आलं होतं. मी तोंड उघडलं आणि नुसतं "फु फु" बाहेर आलं.

"उतरू द्या सूज," ती हसू दाबत म्हणाली. "मी कुठे जातेय?"

सूज तिसऱ्या दिवशी उतरली. हल्ली संध्याकाळी पेटीजवळ दोन बादल्या पालथ्या घातलेल्या असतात. लंगडी मात्र फितूर निघाली. ती आता बायकोच्या पायावर बसते.