गुरुवार, चार वाजता

"दार वाजवण्याआधी जरा खोकावं रे हर्षद. आतलं माणूस रडत असलं, तर त्याला डोळे पुसायला तेवढी सवड मिळते."

नगरकडच्या खेड्यापाड्यांत सायकलवरून मंडळीची सेवा करणाऱ्या वडिलांचा हा आवाज हर्षद पाटोळेच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. रत्नागिरीच्या लहानशा चर्चचा पाळक होऊन त्याला दोन वर्षं झाली, पण दारात खोकल्याशिवाय तो कुणाच्या घरात शिरला नाही. त्यापुढचं मात्र सगळं वहीत लिहिलेलं. कुणाकडे कोणत्या वारी, किती वाजता. पाच मिनिटं विचारपूस, पाच मिनिटं शास्त्रवाचन, पाच प्रार्थना, पाच चहा. चहा फारच गरम असला, तर बशीत ओतून, पण पाचच मिनिटांत.

शेजारीच निवृत्त पाळक याकोबराव राहत. ते सकाळी बांगडे आणायला निघत आणि तीन घरची सुखदुःखं घेऊन दिवेलागणीला परतत. बांगडे तेवढे येत नसत. तरी मंडळीच्या तोंडी नाव याकोबरावांचंच, आणि ते ऐकलं की हर्षदला आपली वही उगाच जड वाटे.

पाऊस सरता सरता पुण्यात 'सेवकाचा स्वभाव आणि कार्यशैली' असं शिबिर झालं. निवृत्तांनाही बोलावणं होतं, म्हणून दोघे मिळून गेले. तिथे साठ प्रश्नांचा कागद हातात पडला. 'घरभेटीची वेळ तुम्ही आधी ठरवता का?' हर्षदचं पेन थबकलं. जो माणसांत रमत नाही त्याला बिशपसाहेब मुंबईच्या कचेरीत बसवणार, अशी कुजबुज होती. आणि त्याला तर रत्नागिरी सोडायची नव्हती. त्याने डोळे मिटून याकोबरावांना आठवलं आणि साठही उत्तरं त्यांच्या स्वभावाची लिहिली. पाळक म्हणून केलेली ही पहिली लबाडी, तीही सुवाच्य अक्षरात.

महिन्याने निकाल आला. हर्षद पाटोळे : मोकळे, माणसांत रमणारे, घड्याळाशी वैर. इथवर ठीक होतं. पण याकोबराव : शिस्तीचे, आखीव कामाचे. हर्षद चक्रावला. विचारायला जावं, तर आपलंच बिंग फुटायचं. खाली बिशपसाहेबांची आज्ञा होती : आता प्रत्येकाने आपल्या स्वभावाप्रमाणे काम करावं. हर्षदने वेळापत्रकाशिवाय घरभेटी कराव्यात, याकोबरावांनी कापणीच्या सणाची आखणी करावी. मग मंडळीचे चिटणीस भिकाजी अभिप्राय कळवतील आणि हर्षदने रत्नागिरीत राहायचं की नाही ते ठरेल.

मंगळवारी तो निघाला, तेव्हा बायको मृणाली दारात आली.

"वही राहिली तुमची."

"मुद्दाम ठेवलीय."

"ताप आहे का?"

सगुणाबाई एकट्या राहत. नवरा गेलेला, दोन्ही मुलगे मुंबईला. अकराच्या सुमारास हर्षद खोकला, तेव्हा त्या जुनेरं नेसून सुकट निवडत होत्या. विचारपूस पाच मिनिटांत संपली. आता मोकळेपणाने बसायचं होतं. हर्षद मोकळेपणाने बसला. त्याने कौलांची स्तुती केली. कोकमाच्या झाडाची चौकशी केली. मग पुन्हा कौलांची स्तुती केली. दीड वाजता सगुणाबाईंनी नाइलाजाने पान वाढलं.

"पाळकानू, घरी जायचा नाय?"

"छे, काही घाई नाही."

बुधवारी, गुरुवारी आणखी चार घरी हेच झालं. शुक्रवारपर्यंत गावभर एकच बोलणं. पाळकाला बायकोनं घराबाहेर काढलान.

इकडे याकोबरावांनी सणाची आखणी करून कागद चर्चच्या दाराला चिकटवला. तोरणं, नऊ वाजता. नारळ, नऊ वाजता. भाताच्या लोंब्या, नऊ वाजता. झाडलोट, नऊ वाजता. "सगळी एकदम आली की कसं बरं वाटतं," ते म्हणाले. शनिवारी नऊला सगळी एकदम आली. नारळांच्या ढिगाखाली केरसुण्या गेल्या, तोरणवाल्यांना उभं राहायला जागा उरली नाही. हात रिकामे झाले, तसं बोलणं पाळकाच्या संसारावर गेलं. अकराला अख्खी मंडळी पाळकाच्या पडवीत हजर.

"आमी प्रार्थनेला आलाव," भिकाजी हळुवार म्हणाले. "संसारात व्हायचाच थोडाफार."

"कुणाच्या संसारात?" मृणालीने विचारलं.

"तुमच्याच."

मृणालीने नवऱ्याकडे पाहिलं. "मीही विचारणारच होते. तीन दिवस दुपारी घरी जेवायला नाहीत, आणि पोट तर सुटायला लागलंय."

सगळे डोळे आपल्यावर आहेत हे पाहून हर्षदने खुर्चीचा हात धरला. "घरात काही बिनसलं नाही. मी शिबिरातल्या त्या कागदावर खोटं लिहिलं. मला याकोबरावांसारखं व्हायचं होतं."

मग मागून कुणीतरी खोकलं. लोक बाजूला झाले, तर याकोबराव.

"मी पण," ते म्हणाले. "तुजी उत्तरं लिवली मी. बघून नाय हां, आठवून."

"माझी? कशासाठी?"

"सगुणाचा घोव जायला टेकलाय असा निरोप आला, तवा मी वाटेत तीन घरी बसलो. पोचलो तर त्याचे डोळे मिटलेले. तू असतास तर वेळेत गेला असतास."

सगुणाबाई खाली बघत होत्या. भिकाजींनी घसा साफ केला. "मग बिशपसाहेबांस कळवू काय मी?"

"मी सांगते, लिवा," सगुणाबाई म्हणाल्या. "दोन वर्सांत कुनाला बोलले नाय. मुलगे येताव म्हनतात, येत नायत. याकोबराव येतात, पन कदी ता त्यांनाच ठावं नाय. गुरुवारी चारला हे पाळक दारात खोकतात. मी पावणेचारलाच धुतलेला लुगडा नेसते, च्यायचा आधण ठेवते. आठवड्यात एकाच मानसाची वाट बघते नि तो येतोच." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि हर्षदकडे वळल्या. "ह्या गुरुवारी कोन खोकला नाय. दोन कप च्याय ओतून टाकली मी."