एका बाहीची सिद्धता

ती आंघोळ करून केस पुसत दुकानात आली, तेव्हा बाबांची कात्री तिच्या सिद्धतेच्या शेवटच्या ओळींत पोहोचली होती.

"बाबा! थांबा!"

शिंप्याची कात्री गोलाईत शिरली की अर्ध्यावर थांबत नाही. बाबांनी गोलाई पूर्ण केली आणि मग चष्म्यावरून पाहिलं. "काय झालं?"

"तो कागद माझा होता!"

"दुकानातला खाकी कागद माझाच असतो," बाबा म्हणाले.

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. वहीचं पान उलटलं की तिचा धागा तुटायचा, म्हणून शाळेपासूनच ती बाबांच्या खाकी कागदावर गणितं सोडवायची. आता गणितात ऑनर्सचं शेवटचं वर्ष होतं आणि आठवड्यापूर्वी मार्गदर्शक मॅडमनी तिच्या प्रबंधातली मुख्य सिद्धता चुकीची ठरवली होती. "तोंडी परीक्षेला बरोबर करून आण. नाहीतर पुढच्या वर्षी भेटूच," एवढंच त्या गोड आवाजात म्हणाल्या होत्या. आठ दिवस डोकं पिकवून तिने ती नवी सिद्धता सकाळीच पूर्ण केली आणि शाई वाळावी म्हणून कापायच्या टेबलावर पसरून ठेवली. परीक्षा अकराला होती आणि आता सव्वानऊ झाले होते.

"मला रद्दी वाटली गं," बाबा कसनुसे होत म्हणाले. "सगळी खाडाखोडच दिसत होती."

"ती खाडाखोड नाही, चिन्हं आहेत!"

एका कोटाचा नमुना म्हणून कापलेले कागदाचे तुकडे जमिनीवर मांडून बापलेक गुडघ्यांवर बसले. पाठीचा भाग होता, पुढचे भाग होते, कॉलरसुद्धा होती.

"पाठीवर काय आहे?" तिने विचारलं.

"समजा."

"समजा काय?"

"नुसतंच समजा. पुढचं खांद्यात गेलंय."

खांदा सापडला. त्यावरून लक्षात आलं की बिंदू रेषेच्या डावीकडे असेल तर काय होतं, ते सगळं शाबूत आहे. उजवीकडे असेल तर काय होतं, याचा मात्र पत्ता नव्हता.

"मधला तुकडा कुठाय?"

बाबांनी मान खाली घातली. "ती बाही. सगळ्यात आधी कापली, ती कापडासकट कारागीर घेऊन गेला. त्याचं घर पार गावाच्या दुसऱ्या टोकाला."

ती रडायच्याच बेतात होती. आठ दिवसांपैकी पाच त्या उजव्या बाजूनेच खाल्ले होते. "एका बाहीत सगळं मावणार नाही. थोडं दुसऱ्या बाहीवर असेल. ती तरी द्या."

"दुसरी नसतेच. कागदाची बाही एकच कापायची. ती उलटी ठेवली की दुसऱ्या हाताची झाली. एकच काम दोनदा कोण करतं?"

ती हातातला खांद्याचा तुकडा उलटा-सुलटा करू लागली. बाबांना वाटलं, पोरीने धसका घेतला.

"बाबा, परत म्हणा."

"एकच काम दोनदा कोण..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही, कॉलेजकडे धावली. केस ओलेच, पिशवीत पाठ, खांदा आणि कॉलर. बाबाही गळ्यातली टेप न काढता तिच्यामागे धावले. मुलीचं वर्ष आपल्या कात्रीखाली गेलं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

परीक्षेच्या खोलीत मॅडम होत्या आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. तिने फळ्यावर डावी बाजू सिद्ध केली आणि खडू खाली ठेवला. "उजवी बाजू उलट केली की तशीच."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. परीक्षक म्हणाले, "तशीच? कशावरून?"

ती पिशवीतले तुकडे चाचपू लागली. दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या बाबांना राहवेना. ते सरळ आत आले.

"साहेब, तिला नापास करू नका. कागद मी कापला. बाही एकच कापायची, हे खूळ माझंच."

"आपण कोण?"

"शिंपी. म्हणजे, तिचा बाप."

परीक्षक खुर्चीत मागे रेलले. त्यांना गंमत वाटत होती. "बरं, मग सांगा. एकच बाही का कापता?"

"दोन्ही खांदे सारखे असले तरच हो. आधी टेप लावून बघायचं." बाबांची नजर सवयीने परीक्षकांवरून फिरली. "आता तुमचा डावा खांदा उतरलाय. तुमच्या कोटाला दोन वेगळ्या कापाव्या लागतील."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. तिला मात्र हसू आलं नाही, कारण ती खडू उचलून फळ्याकडे वळली होती. सारखं आहे का, हे आधी मोजायचं! डावीच्या जागी उजवी बाजू घालून तिने एकेक अट तपासली. एकही बदलत नव्हती. दोन ओळींत काम झालं.

परीक्षकांनी त्या दोन ओळी दोनदा वाचल्या. "हेच विचारत होतो मी," ते म्हणाले. मॅडमनी निकालाच्या कागदावर सही केली.

बाहेर येताच ती भिंतीला टेकली. वर्ष वाचलं होतं. बाबा टेपचं टोक बोटाला गुंडाळत उभे होते.

"पास?"

"पास."

"मग त्यांच्या खांद्याचं बोललो, ते चुकलं का गं?"

तिने दाराकडे बोट दाखवलं. अर्धवट उघड्या दारातून परीक्षक दिसत होते. ते खिडकीच्या काचेसमोर ताठ उभे राहून डावा खांदा हळूच वर उचलून बघत होते.