शेवटचं पान समितीच्या ताब्यात

आमच्या सार्वजनिक वाचनालयात एक वाचक आढळून आला, ही बाब समितीच्या नजरेस प्रथम ग्रंथपालांनी आणून दिली. मी या वाचनालयाचा कार्यवाह. जबाबदारीनं सांगतो, त्या दिवसापर्यंत आमच्या कारभाराला कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. पुस्तकं कपाटांत होती, कपाटांना कुलपं होती आणि किल्ल्या ग्रंथपालांच्या खिशात होत्या. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी गर्दी असे. परीक्षेची मुलं आपापली गाईडं घेऊन पंख्याखाली जागा धरत. दुपारी निवृत्त मंडळी मासिकं तोंडावर घेऊन डुलक्या काढत. कसं सगळं सुरळीत चाललं होतं!

"साहेब, खिडकीपाशी एक बाई बसल्यात," ग्रंथपाल माझ्या कानाशी लागून म्हणाले. "पुस्तक वाचतायत."

"आपलं?"

"आपलंच. मधल्या कपाटातलं."

"अहो, पण तुम्ही दिलंत कसं?"

"त्यांनी मागितलं हो! अशी वेळ आजवर कधी आली नव्हती. गांगरलो आणि देऊन बसलो."

मी जाऊन पाहिलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाई होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पाय खुर्चीवर दुमडून घेतलेले आणि हातात एक जाडजूड खूनकथा. श्रीमंत मामांना त्यांच्याच बंगल्यात विष घातलं जातं आणि संशय स्वयंपाकी, भाचा, डॉक्टर आणि वकील या चौघांवर असतो, एवढं त्यांनी मला न विचारताच सांगितलं. वर म्हणाल्या, "मला तो वकील ठीक वाटत नाही. फार गोड बोलतो मेला."

"सावकाश वाचा की बाई. एवढी काय घाई?"

"घाई नको? उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली मी. 'अगं, तुला कळलं का, काल त्यानं...' एवढं कानावर पडलं की कान काढून घ्यायचा, असा नियम. हजारो गोष्टींची सुरुवात ऐकली, शेवट एकीचाही नाही. आता मला शेवट हवेत. हे पुस्तक संपलं की लेकीकडे जायचंय महिनाभर, तिलाही सांगणार आहे कोणी मारलं ते."

मी मान डोलावून परत आलो. एका बाईनं एक पुस्तक वाचल्यानं काही आभाळ कोसळत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

आभाळ तिसऱ्या दिवशी कोसळलं. वरच्या कार्यालयाकडून वाचनवृद्धी अभियानाचं परिपत्रक आलं. प्रत्येक वाचनालयानं तपासणीच्या वेळी किमान एक वाचक, प्रत्यक्ष वाचत असलेल्या स्थितीत, दाखवायचा होता. वर्तमानपत्र, गाईड, मोबाइल आणि पंखा यांसाठी आलेल्या व्यक्ती वाचक समजल्या जाणार नव्हत्या. वाचक न दाखवल्यास वाचनालय बंद करून ती जागा अधिक उपयुक्त कामाकडे, म्हणजे वाहनतळाकडे, वळवण्यात येणार होती.

तातडीनं सभा बोलावली. आमच्या अध्यक्षांचं प्लायवूडचं दुकान आहे. पुस्तकांशी त्यांचा संबंध कपाटांच्या बाजूनं आलेला. परिपत्रक ऐकून ते खूश झाले.

"मग अडचण कसली? आपल्याकडे आहे ना एक वाचक!"

"आहे," ग्रंथपाल म्हणाले, "पण बाई फार वेगानं वाचतात. आठवड्यात संपेल. तपासणी पुढच्या महिन्यात. आणि पुस्तक संपलं की त्या लेकीकडे चालल्या."

पुस्तक संपवलेल्या माणसाचा दर्जा काय, हा प्रश्न आजवर कोणत्याच वाचनालयापुढे आला नसावा. बरीच भवति न भवति झाल्यावर अध्यक्षांनी निर्णय दिला. "वाचतोय तोवर तो वाचक. संपवलं की तो माजी वाचक. आणि माजी वाचक तपासणीत कसा दिसणार? नुसता बसलेला. बसणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत! बाईंना संपवू देता कामा नये."

"पुस्तक," मी दुरुस्ती सुचवली.

"तेच ते. पुस्तक संपवू देता कामा नये."

असा ठराव एकमतानं मंजूर झाला आणि बाईंना वाचनाचं प्रोत्साहन देण्याचं काम माझ्यावर आलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या टेबलाभोवती 'वाचकाशी मनमोकळा संवाद' ठेवला. मग 'वाचनाचे फायदे' या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते तीन तास बोलले. कर्णा बाईंच्या खुर्चीमागे बांधला होता. बाईंनी कानांत कापूस घातला आणि भाच्याच्या जबानीपर्यंत मजल मारली. त्यानंतर आम्ही सामूहिक वाचन ठेवलं. त्यात नव्वद माणसांनी हातात पुस्तक धरून फोटो काढले. उघडलेल्या कपाटातली पुस्तकं कमी पडली म्हणून बाईंचंही पुस्तक फोटोपुरतं फिरवलं. ते परत मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. बाईंनी तेवढ्यात डॉक्टर निर्दोष असल्याचं तोंडी सिद्ध केलं.

"काय करावं या बाईला!" अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "एवढं प्रोत्साहन दिलं, तरी वाचतेच आहे."

शेवटी ग्रंथपालांनी पट्टी आणि ब्लेड आणलं. खूनकथेचं शेवटचं प्रकरण म्हणजे एकच पान होतं, पाठपोट छापलेलं. बाई हात धुवायला गेल्या तेवढ्यात ते अलगद कापून घेतलं आणि समितीच्या ताब्यात, म्हणजे अध्यक्षांच्या ब्रीफकेसमध्ये, जमा केलं. वाचायचा मोह कुणालाही झाला नाही. आमच्या समितीची शिस्तच तशी आहे.

दुसऱ्या दिवशी बाई तरातरा माझ्या टेबलाशी आल्या. इतकी चिडलेली माणसं मी फक्त वीजबिलाच्या रांगेत पाहिली आहेत.

"कार्यवाहसाहेब, पान कुठंय? इन्स्पेक्टरनं चौघांना दिवाणखान्यात बोलावलंय. दार लावून घेतलंय. आता नाव सांगणार, आणि पान नाही!"

"समितीनं सुरक्षित ठेवलंय, बाई. तपासणी झाली की मिळेल."

"अहो, पण मला झोप लागत नाही हो! आमटीला फोडणी देताना मनात चौघंही येऊन उभे राहतात. तुम्हाला माणुसकी आहे की नाही?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण समोर वाहनतळ दिसत होता. मी त्यांना सुचवलं, की पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचावं. धागेदोरे सापडतील. बाईंनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि पहिलं पान उघडलं.

ही युक्ती इतकी लागू पडली, की आमचे आम्हीच थक्क झालो. तपासणी पुढे गेली, आणखी पुढे गेली, पण बाई आपल्या रोज हजर. शेवटाला यायच्या, मला चार शेलक्या शिव्या द्यायच्या आणि पुन्हा मामांच्या चहापासून सुरुवात करायच्या. लेकीकडे जाणं राहिलं. लेक फोनवर विचारी, "आई, येतेस ना गं?" आणि बाई सांगत, "आधी खुनी सापडू दे."

अखेर निरीक्षक आले. बाईंना वाचताना पाहून ते दारातच थबकले. इतर वाचनालयांत म्हणे त्यांना भाड्यानं आणलेले वाचक दाखवले गेले होते आणि त्यांतल्या एकानं पुस्तक उलटं धरलं होतं. बाई मात्र पानं उलटत होत्या, मध्येच "थांब रे भामट्या" म्हणत होत्या. निरीक्षकांनी त्या किती दिवस वाचतायत ते विचारलं आणि उत्तर ऐकून त्यांनी टोपी काढली.

"हा साधा वाचक नव्हे, हा निरंतर वाचक! कसं साधलंत हे?"

अध्यक्षांनी ब्रीफकेस उघडून दाखवली. निरीक्षकांनी त्यांना मिठी मारली. पंधरवड्यात वरच्या कार्यालयानं ही पद्धत सगळीकडे लागू केली. प्रत्येक वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान काढून जमा करण्याचा आदेश निघाला. आम्हाला आदर्श वाचनालयाचा मान मिळाला आणि बाईंचा जाहीर सत्कार ठरला.

"सत्कार घाला चुलीत," बाई म्हणाल्या. "पान द्या."

"पानच देणार आहोत," अध्यक्ष हसून म्हणाले. आणि दिलंही. भर व्यासपीठावर, टाळ्यांच्या गजरात, त्यांनी बाईंच्या हाती एक मोठी फ्रेम ठेवली. त्यांच्याच दुकानातल्या उत्तम प्लायवूडवर ते पान चिकटवलेलं, वर काच, खाली आमची नावं. बाईंनी चष्मा सारखा केला आणि भराभरा वाचत गेल्या. शेवटच्या ओळीशी बाई थांबल्या.

"'आणि मामांचा खुनी दुसरा तिसरा कुणी नसून...'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग फ्रेम उलटी केली. मागे प्लायवूड.

"नाव मागच्या बाजूला आहे!" बाई किंचाळल्या.

"शोभा पुढच्या बाजूला येते," अध्यक्षांनी समजूत घातली. "फ्रेम आता इथेच दर्शनी भिंतीवर राहील. आपण फक्त फोटोपुरती हातात घ्यायची."

त्यानंतर जे घडलं त्याची नोंद इतिवृत्तात 'मान्यवरांनी लगबगीने प्रस्थान केले' अशी केली आहे. प्रत्यक्षात बाईंनी फ्रेम काखोटीला मारली, पदर खोचला आणि व्यासपीठावरून उडी टाकली. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे ग्रंथपाल, त्यांच्यामागे हारतुरे सावरत अध्यक्ष, आणि सगळ्यांच्या मागे निरीक्षक, "पळता पळता वाचतायत, फोटो घ्या, फोटो घ्या!" असं ओरडत. साठी उलटलेल्या बाईला आम्ही चौघं मिळून पकडू शकलो नाही. चौकात त्यांनी रिक्षा थांबवली आणि आमच्या तोंडावर धूर सोडून त्या लेकीच्या गावी निघून गेल्या.

आठ दिवस मी कसेबसे काढले. तोवर मलाही ते चौघं संशयित जेवू देईनात. शेवटी न राहवून बाईंच्या लेकीकडे फोन लावला. फोन बाईंनीच उचलला. आवाज असा टवटवीत, की लाइन चुकली की काय असं वाटलं. अध्यक्षांच्या दुकानचा गोंद असल्यामुळे पान नुसत्या फुंकरीनं सुटलं, म्हणाल्या.

"बाई, झालं गेलं विसरा," मी जीव गोळा करून म्हणालो, "पण खुनी कोण हो?"

"तुम्हाला कशाला?"

"समितीच्या माहितीसाठी."

"समितीला म्हणावं, पुस्तक वाचनालयातच आहे. पहिल्यापासून वाचा. शेवटाला आलात की माझ्याकडे या, पान देते. तोवर एक अक्षर सांगायची नाही!" आणि बाईंनी फोन ठेवला.

मी पुस्तक घरी आणलं. बायकोनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. हल्ली मी रोज वाचायला बसतो. नवव्या पानावर आहे. मामा अजून जिवंत आहेत आणि स्वयंपाकी चहा ओततो आहे. तेवढ्यात मला काहीतरी आठवतं, मग फोन वाजतो, मग डोळा लागतो. बाईंची जागा रिकामी झाल्यामुळे वरच्या कार्यालयानं आता निरंतर वाचक म्हणून मला मान्यता दिली आहे.

तुम्ही हसताय. खुशाल हसा. पण तुमच्याही उशाशी ते पुस्तक आहेच. ज्याच्यावर तुम्ही चष्मा आणि पाण्याचा पेला ठेवता, ज्याच्यात घातलेली खूण कित्येक महिन्यांत जागची हललेली नाही आणि चारचौघांत ज्याच्याविषयी तुम्ही सांगता, "सध्या ते वाचतोय," तेच. अभियानाच्या नियमांत तुम्ही तंतोतंत बसता, म्हणून तुमचीही नोंद आम्ही निरंतर वाचक अशीच केली आहे. तुमच्या पुस्तकाचं शेवटचं पान मात्र आम्ही काढून नेलेलं नाही. तशी गरजच भासली नाही.