गजभिये काकांचं ओहायो

गजभिये काका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, उंची विचारली. आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. मी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवत होतो आणि शेजारच्या ड्राइव्हवेत चहाचा मग घेऊन उभे असलेले एक गृहस्थ माझ्याकडे शिंप्यानं गिऱ्हाइकाकडे बघावं तसे बघत होते. उंची झाली, वय झालं, घरात माणसं किती, गाड्या किती, ऑफिसला जायला वेळ किती लागतो, तेही झालं. दर उत्तराला त्यांचा चेहरा जास्तच उजळत होता. मग त्यांनी विचारलं, घर स्वतःचं की भाड्याचं? मी भाड्याचं म्हणालो आणि चेहरा पडला. "जमत आलं होतं ना बाप्पा," ते म्हणाले आणि आत निघून गेले. नाव त्यांनी पुढच्या आठवड्यात विचारलं.

काय जमत आलं होतं, ते मला सावकाश कळलं. काका मूळ नागपूरचे. माणसं साधारण किती जगतात याचे हिशेब मांडायचे, ही त्यांची इथल्या एका विमा कंपनीतली नोकरी. रिटायर झाल्यावर तीच सवय त्यांनी अख्ख्या ओहायोवर मोकळी सोडली. राज्याबद्दल सरकार जे जे मोजतं ते सगळं त्यांना पाठ होतं, आणि त्यांना असा एक माणूस शोधायचा होता जो सगळ्याच बाबतींत ओहायोच्या बरोबर मधोमध बसेल. त्याला ते 'मधला' म्हणत. हा मधला अर्थातच सापडत नव्हता. कुणाचं वय जुळलं की पगार उडायचा, पगार जुळला की मुलं जास्त निघायची. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात खीर वाढून घेताना त्यांनी एका नवख्या पाहुण्याला इतकं तपासलं, की तो बिचारा मला बाजूला घेऊन विचारू लागला, हे व्हिसा ऑफिसचे आहेत का.

पण खरी गंमत संध्याकाळी. मागच्या डेकवर आम्ही बसलो, मेपलच्या झाडांमागं ऊन उतरू लागलं, की काका डोळे अर्धवट मिटायचे आणि म्हणायचे, "मधला काय करून राहिला असेल रे आता?" मग स्वतःच सांगू लागायचे. मधला गराज उघडून उभा असेल. गवत कापायचं आहे, पण मशीन सुरू करायचा कंटाळा आला आहे. बहिणीला फोन करायचा राहून गेला आहे. तो आकाशाकडे बघतो आहे आणि आपण कशाचा विचार करत होतो ते त्याला आठवत नाही. काकांचा आवाज हळूहळू उतरत जायचा. ऐकता ऐकता मलाही तो माणूस दिसू लागला. सिग्नलला शेजारच्या गाडीत कुणी नुसतंच समोर बघत बसलेलं असलं, की मला वाटायचं, हाच नसेल ना?

काकांची बायको, सुनंदा काकू, आम्ही यायच्या आधीच वारल्या होत्या. त्यांच्याबद्दल काका फारसं बोलत नसत. जे कळलं ते त्यांच्या मुलीकडून, निशूकडून. बायका नवऱ्यापेक्षा जास्त जगतात, हे काकांचं नोकरीतलं पक्कं ज्ञान. आपल्यामागं काकूंची अडचण व्हायला नको म्हणून त्यांनी काकूंना सगळं शिकवून ठेवलं होतं. घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलणं, टॅक्स भरणं, बर्फ उडवायचं यंत्र चालवणं, बँकेचे पासवर्ड. स्वतः मात्र ते साधा कुकर लावायला शिकले नाहीत, कारण ती वेळ यायचीच नव्हती. मग काकूच आधी गेल्या. माझ्या बायकोला, मेघनाला, फोन करून ते विचारत, डाळीला शिट्ट्या किती? ती सांगे, तीन-चार. मग प्रश्न यायचा, तीन की चार? मेघना फोन ठेवून हसायची, आणि बरेचदा हसणं अर्ध्यावर सोडून डबा भरायला घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात काका ड्राइव्हवेतल्या बर्फावरून घसरले. टपाल टाकायला आलेल्या माणसानं त्यांना उचललं म्हणून निभावलं. तेव्हापासून निशूनं ध्यास घेतला, की बाबांनी आता न्यू जर्सीत पार्सिपनीला तिच्याकडे राहायला यावं. खालच्या मजल्यावरची खोली तिनं तयार ठेवली होती. थंडी जवळ आली तशी ती मला फोन करू लागली. "मंदारदादा, तू कन्व्हिन्स कर ना त्यांना. मी विषय काढला की ते मला न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स ऐकवतात." तिचा आवाज रडवेला झाला होता. मी शब्द दिला.

ऑक्टोबर संपता संपता एका शनिवारी काकाच म्हणाले, ड्राइव्हला येतोस का, तुला एक जागा दाखवतो. गाडीत बोलू, असा मी बेत केला. पण आम्ही उत्तरेला निघालो, घरं विरळ झाली, दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं लागली आणि काका ती जागा समजावून सांगू लागले. सगळं राज्य म्हणजे एक ताट समज, ते म्हणाले. त्यात प्रत्येक माणूस जिथं राहतो तिथं ठेवला आहे, आणि सगळ्यांचं वजन सारखं. मग खाली बोट कुठं धरलं तर ताट कलंडणार नाही? जनगणनावाले ते ठिकाण खरोखरच काढतात. मी विचारलं, गव्हर्नरचं वजनसुद्धा तेवढंच? "सारखंच," काका म्हणाले. "एक माणूस, एक वजन. मला हे गणित काऊन आवडते, ते तुला वेगळं सांगायला पाहिजे का?"

ती जागा म्हणजे एक शेत होतं. पाटी नाही, खूण नाही. कापणी झालेली, जमिनीत नुसते खुंट, वर पिवळसर धूळ तरंगत होती आणि दूर कुठंतरी ट्रॅक्टर चालल्याचा आवाज येत होता. शेतकरी काकांना ओळखत असावा. त्यानं लांबून हात केला. आम्ही खुंटांमधून थोडे आत चालत गेलो. अख्खं ओहायो आपल्या पायाखाली तोललेलं आहे म्हटल्यावर मी उगाच हलका पाय टाकत होतो. मला तिथं बोलावंसं वाटेना, पण शब्द दिला होता. मी म्हणालो, काका, निशू वाट बघते आहे.

त्यांनी टॅक्सपासूनच सुरुवात केली. मग थांबले.

सुनंदाला मी इथं आणलं होतं, ते म्हणाले. काकू नागपूरला शाळेत शिकवायच्या. इथं आल्या त्या नवऱ्याच्या व्हिसावर, नोकरी करायला बंदी. कितीतरी वर्षं घरात. एकदा जेवताना म्हणाल्या, मी इथं कशातच नाही. म्हणून काकांनी त्यांना या शेतात आणून ताटाचं गणित सांगितलं, तूही यात आहेस, सगळ्यांइतकीच. काकू ऐकत राहिल्या. मग खुंटांवरून लांब चालत गेल्या आणि तिथून ओरडून विचारलं, हललं का हो?

"मी म्हटलं, एका माणसानं काय हलते," काका म्हणाले. "ती हसली. पण मी चूक सांगितलं ना मंदार. हलते. दिसत नाही, पण हलतेच. ती गेली तेव्हाही हललं असेल. किती, कुणीकडं, ते काढायला बसतो आणि ठेवून देतो. आयुष्यभर लोकांच्या मरणाचे हिशेब केले, हा एक होत नाही." ते खाली बघत होते. "आमच्या घराच्या जागी दोन वजनं होती. एक गेलं. आता मीही उचलला गेलो, तर तिथं काय राहिलं?"

मला फार वाईट वाटत होतं, आणि आपण त्यांना काय समजावायला निघालो होतो याची लाजही वाटत होती. तेवढ्यात खिशात फोन वाजला. निशूचाच. मी बाजूला गेलो.

"काय म्हणाले? टॅक्स?"

"नाही. टॅक्सचं राहू दे. आईबद्दल बोलले."

ती म्हणाली, आई गेल्यापासून त्यांनी माझ्यापाशी तिचं नावसुद्धा काढलेलं नाही. मी तिला सांगितलं, की मी त्यांना काही पटवणार नाही, तूच इकडे ये. ती म्हणाली, येते, आणि फोन दे त्यांना.

काकांनी फोन कानाला लावला. तिचं सगळं ऐकून घेतलं, मधे मधे नुसतं हो, हो म्हणत राहिले. मग ते पलीकडे वळले आणि फोनवर दिसत नाही हे विसरून हात लांब करून तिला दाखवू लागले.

"तुझी आई इथं उभी होती, निशू. नाही, इथं नाही, जराशी पुढं. ती बघ, तिथं."