शिरपामाळावरचा खलनायक

शाळेतल्या दादागिरीवर लघुपट काढायचा, तर तो मीच काढावा! लागोपाठ तीन वेब सिरीज बघून बसलो होतो मी. जव्हारमध्ये एवढा अभ्यास दुसऱ्या कुठल्या मास्तरचा असेल?

खलनायकाचं नाव ठेवलं मॉन्टी. काळा गॉगल, चामड्याचं जाकीट, मागे दोन चमचे! काम दिलं नववीतल्या हर्षलला. पोरगा इतका गरीब, की बाकाला धक्का लागला तरी बाकाला सॉरी म्हणतो.

"सर, आपल्याकडे जाकीट घालून कोण छळतं?" जामसर गावाहून शाळेत येणाऱ्या गौराने विचारलं. ती नायिका, म्हणजे छळ सोसणारी.

"सिरीजमध्ये घालतात!" मी विषय संपवला.

रविवारी गावाबाहेरच्या शिरपामाळावर शूटिंग. ऊन असं, की जाकिटात हर्षलचा उकडलेला बटाटा झाला! त्याने गौराला ढकललं, तेही कपाटाचं दार लोटावं तसं हळूच.

"अरे, जोरात ढकल!" मी दगडावर चढून ओरडलो. "वही फाड तिची! गौरा, तू रड! अजून रड!"

तेवढ्यात मागून कुणीतरी माझी कॉलर धरली. फिरायला आलेल्या एक बाई, हातात छत्री आणि पाठीशी अख्खं महिला मंडळ!

"लाज नाही वाटत? पोरांकडून पोरीला मारवतोस?"

"अहो, मी शिक्षक आहे!"

"शिक्षक? वर्षा, व्हिडिओ काढ गं याचा!"

हर्षल गॉगलसकट रडायला लागला. चमचे केव्हाच पळाले होते.

"गौरा, सांग ना यांना!" मी कळवळलो. "मी कधी त्रास दिलाय का तुला?"

सुटलो, असं वाटलं. पण गौरा चक्क विचारात पडली!

"आज नाही," ती म्हणाली. "हे शूटिंग आहे. पण वर्गात मी वाचायला उठले, की सर माझ्या बोलण्याची नक्कल करतात. सगळे हसतात. म्हणून मी आता हातच वर करत नाही."

मला ती माझी विनोदबुद्धी वाटायची हो! कॉलर सुटली, पण मान वर होईना.

"चुकलो गं गौरा," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "पुन्हा नाही करणार."

"बरं सर. पण मग गोष्ट मी लिहिते."

दोन दिवसांत लिहिलीही! तिच्या गोष्टीत मॉन्टी नाही. एक मास्तर आहे. मी उत्साहाने विचारलं, "मास्तरचं काम मीच करतो! तालीम कधी ठेवायची?"

"तालीम कशाला, सर?" हर्षल म्हणाला. "तुम्हाला तर पाठच आहे!"